तसं काही नाही, पण...



मागच्या महिन्यात आमच्या केंद्रात बैठक होती. विषय होता वर्षभराच्या शिबिरांचं नियोजन. प्रत्यक्षात दीड तास गेला तो एकमेकींच्या बोलण्यावर. सुरुवात मीच केली, हे कबूल करायला हवं. एक नवी कार्यकर्ती दुसरीला म्हणाली, "अरे, तू बस ना, मी येतो चहा घेऊन." मला राहवलं नाही. म्हटलं, "अगं, 'येते' म्हण की. 'येतो' म्हटलं म्हणून समता येते का?" माझ्या वयाच्या तिघी-चौघी हसल्या. तिच्या वयाची एकही हसली नाही.

मग त्यांनी आमची यादीच बाहेर काढली. "तुमचं प्रत्येक वाक्य 'आमच्या वेळी'नं सुरू होतं." "तासभर स्त्रीमुक्तीवर बोलता आणि फोन वाजला की 'आमचे हे आलेत' म्हणता." "नवऱ्यानं भाजी चिरली की 'मदत करतात' म्हणता. घर त्यांचं नाही का?" शेवटचा बाण तर वर्मी लागला. "घरी असणाऱ्या बाईला तुम्हीसुद्धा 'ती काही करत नाही' असंच म्हणता!" दोनच दिवसांपूर्वी मी एका शेजारणीबद्दल अगदी हेच म्हटलं होतं. पहाटे पाचला उठून चार डबे भरणारी बाई आहे ती.

'येतो'बद्दलचा माझा हट्ट तर तिथल्या तिथेच संपला. कोल्हापूरकडची एक मैत्रीण म्हणाली, "आमची आजी जन्मभर 'मी जेवलो, मी आलो'च म्हणायची की! तिला कुणी समता शिकवली होती?" खरंच आहे. कोल्हापूर-सांगलीकडच्या बायका पिढ्यान् पिढ्या असंच बोलतात. कोकणीत तर तरुण मुलीसाठी नपुंसकलिंगी 'तें' वापरतात. पुण्या-मुंबईच्या शाळेत शिकवलं तेच शुद्ध, आणि त्यावरून कुणाची स्त्रीवादी इयत्ता ठरवायची, हे माझं मलाच हास्यास्पद वाटलं. कानाला खटकतं, एवढंच त्यात होतं. 'आमचे हे'चं मात्र तसं नाही. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागली. त्यांत त्या नवऱ्याचा उल्लेख सरळ 'टिळक' असा करतात. नव्वद वर्षांनी आम्ही अजून 'हे'पाशी घुटमळतोय.

एका बाबतीत मी माघार घेतली नाही, घेणारही नाही. आई-बहिणीवरून दिलेल्या शिव्या. "पुरुष देतात, मग आम्ही का नाही?" असं दोघींनी विचारलं. अगं, द्या ना शिव्या, राग आहे तर बाहेर पडू दे. पण त्या शिवीत कुणाचं शरीर आहे ते तरी बघा. तोंड बदललं, नेम बदलला नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या नेवासा तालुक्यात सौंदाळा नावाचं गाव आहे. तिथल्या ग्रामसभेनं नोव्हेंबर २०२४ मध्ये अशा शिव्यांवर बंदीचा ठराव केला आणि ५०० रुपये दंड ठेवला. दंडानं जीभ सुधारते यावर माझा फारसा विश्वास नाही. तरी ही आपल्याला त्रास देणारी गोष्ट आहे, असं एका गावानं सभेत बसून म्हटलं, हे मला मोठं वाटतं.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते.

त्या बैठकीच्या पंधराएक दिवस आधी केंद्रात एक मुलगी आली होती. चांगली शिकलेली, नोकरी करणारी. लग्नाला दोन वर्षं झालेली. समोर मी होते. ती बोलत होती ते असं : "म्हणजे तसं काही नाही, पण... लाइक, तो थोडा टॉक्सिक आहे... म्हणजे बेसिकली चांगला आहे... इट्स ओके, आय मीन, सगळीकडेच असतं." अर्धा तास असंच. मी मनातल्या मनात तिची वाक्यं दुरुस्त करत होते, घड्याळ बघत होते. बाहेर दोघी वाट बघत होत्या. वहीत मी लिहिलं, 'किरकोळ मतभेद, समुपदेशन सुचवले.' ती गेली.

बैठकीतून घरी जाताना मला ती आठवली, आणि तिच्या पाठोपाठ वीस-पंचवीस वर्षांपूर्वी केंद्रात येणाऱ्या बाया आठवल्या. "चालायचंच." "भांड्याला भांडं लागतंच." "तसे देवमाणूस आहेत हो, फक्त राग आला की..." त्या 'फक्त'पाशी आम्ही थांबायला शिकलो होतो. 'चालायचंच' म्हणणारी बाई काहीतरी पोटात ठेवतेय, हे आम्हाला कळायचं, कारण ते आमच्या आयांचं बोलणं होतं. 'टॉक्सिक' हा त्याच 'चालायचंच'चा नवा अवतार आहे, हे मात्र मला ऐकू आलं नाही. निरोपाला उत्तर न देणारा टॉक्सिक, पगाराचं कार्ड काढून घेणारा टॉक्सिक आणि भिंतीवर डोकं आपटणाराही टॉक्सिकच. तिन्ही एका शब्दाखाली झाकलेले. माझा वैताग मला त्या शब्दावरच अडवत राहिला.

कायद्याकडे शब्द आहेत. कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा २००५ चा, लागू झाला २६ ऑक्टोबर २००६ पासून. त्याच्या तिसऱ्या कलमात शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक असे छळाचे प्रकार सांगितले आहेत. मूल झालं नाही किंवा मुलगा झाला नाही म्हणून मारलेले टोमणेसुद्धा त्यात येतात. कौटुंबिक घटनेच्या अहवालाचा जो नमुना आहे, त्यात तारीख, वेळ, जागा, कुणी केलं, असे रकाने आहेत. 'टॉक्सिक' त्या रकान्यांत मावत नाही, 'चालायचंच'ही मावत नव्हतं. तिथपर्यंत तिला नेणं हे आपलं काम, आणि ते तिचं व्याकरण सुधारून होत नाही. "टॉक्सिक म्हणजे काय करतो गं? काल काय झालं?" एवढं विचारलं असतं तरी पुरलं असतं.

मी तिला फोन केला. तिसऱ्या वेळी उचलला. पुढच्या आठवड्यात ती आली. त्या 'येतो'वाल्या कार्यकर्तीला मी मुद्दाम बरोबर बसवलं. प्रश्न बहुतेक तिनेच विचारले, माझ्यापेक्षा बरे विचारले. चार घटना तारखांसकट निघाल्या, एक दवाखान्याच्या चिठ्ठीची. संरक्षण अधिकाऱ्यांकडे जायचं की नाही, हे तिचं अजून ठरलेलं नाही. आम्ही घाई करत नाही.

आमच्या नोंदवहीत आता एक रकाना वाढवला आहे : 'तिच्याच शब्दांत'. तुमच्या केंद्रांत, मंडळांत बायका हे सगळं कोणत्या शब्दांमागे झाकतात, जुन्या आणि नव्या, ते आम्हाला जरूर लिहून कळवा. पुढच्या अंकात छापू. आणि हो, 'लाइक' आणि 'बेसिकली' वगळू नका.