सूक्ष्माचे दर्शन, जपून

मृगाचा पहिला दमदार पाऊस पडून गेला, की सोलापूरच्या शिवारात काळ्या मातीवर लाल मखमलीचे बारीक मणी चालू लागतात. हाच मृगाचा किडा. त्याला आठ पाय असतात; म्हणजे शास्त्राच्या दृष्टीने तो कीटक नसून कोळ्यांच्या गोतावळ्यातला जीव आहे. वर्षाचा बहुतेक काळ तो जमिनीखाली काढतो आणि पावसानंतर थोड्याच दिवसांसाठी वर येतो. त्याला काडेपेटीत भरून घरी आणणारी मुले आता आजी-आजोबा झाली आहेत. त्यांच्या नातवंडांच्या हाती मोबाइल आहे आणि मोबाइलला चिमट्याने लावायचे भिंग काही शे रुपयांत मिळते. त्या भिंगातून पाहिले, की ती मखमल म्हणजे अंगभर उगवलेली दाट लव असल्याचे दिसते. काडेपेटीची गरजच उरत नाही.

अगदी जवळून घेतलेल्या अशा चित्रांना ‘मॅक्रो’ छायाचित्रण म्हणतात. वस्तू जेवढी आहे तेवढीच तिची प्रतिमा कॅमेऱ्याच्या संवेदक पटलावर उमटली, की ते खरे एकास एक प्रमाण. हा छंद जैन कुटुंबांना वाटतो तितका परका नाही. पाणी गाळून घेणे, धान्य निवडताना प्रत्येक दाण्यावर नजर फिरवणे, सोंडकिडा दिसताच त्याला अलगद बाजूला ठेवणे, हे संस्कार घरोघरी पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. मुंगी तेइंद्रिय आणि भुंगा चौरिंद्रिय, ही गणना पाठशाळेतली मुलेही म्हणून दाखवतात. सूक्ष्म जीव पाहण्याची नजर अशी आधीच तयार आहे. फरक एवढाच, की आजवर तो जीव दिसला तो बाजूला करण्यासाठी. मॅक्रो छायाचित्रणात त्याच्यापाशी थोडे थांबायचे असते.

हे थांबणे सोपे नसते. एकास एक प्रमाणात, छिद्र एफ-11 इतके लहान केले तरी, चित्रात स्पष्ट येणारी खोली जेमतेम सव्वा मिलिमीटर असते. मुंगीचा डोळा स्पष्ट आला तर तिचा मागचा पाय धूसर होतो. छायाचित्रकाराने श्वास घेतला तरी नेम चुकतो आणि वाऱ्याच्या झुळकीने पान हलले तर चित्र गेलेच. नेहमीच्या 100 मिलिमीटरच्या मॅक्रो भिंगाने एवढे मोठे चित्र घ्यायचे, तर भिंग आणि जीव यांच्यात वीतभरही अंतर राहत नाही. एवढ्या जवळ मोठी सावली आली, की फुलपाखरू उडून जाते.

या अडचणीवर काहींनी शोधलेले उपाय विचार करायला लावणारे आहेत. कीटकाला शीतपेटीत ठेवून गारठवायचे, म्हणजे तो हलत नाही. गोंदाने फांदीवर चिकटवायचे. मारून, टाचणीने हवे तसे बसवायचे. अनेक स्पर्धांनी अशा चित्रांना मज्जाव केला आहे. तथापि स्पर्धेचा नियम नसता तरी या व्यवहाराचा ताळेबंद तपासून पाहायला हवा. चित्र छायाचित्रकाराच्या खाती जमा होते आणि त्याची किंमत दुसऱ्याच जिवाच्या खाती खर्ची पडते. असा नफा कोणत्याही सचोटीच्या पेढीने नाकारलाच असता.

याहून अवघड प्रश्न सज्जन छायाचित्रकारापुढेही उभा राहतो. चतुराचे एक चित्र घेण्यासाठी ओल्या गवतात पालथे पडले, तर कोपरांखाली आणि गुडघ्यांखाली किती जीव चिरडतात, याची मोजदाद कोण ठेवतो? पावसाळ्यात जमीन जीवांनी भरून जाते, म्हणूनच साधू-साध्वी चातुर्मासात विहार थांबवून एके ठिकाणी राहतात. आणि नेमका हाच काळ मॅक्रो छायाचित्रणाचा सर्वांत बहराचा असतो. हा पेच पूर्ण सुटत नाही. जपून वागले तर सौम्य होतो. गवतात न शिरता मळलेल्या वाटेच्या कडेवरून चित्र घ्यावे. पाऊल टाकण्यापूर्वी, गुडघा टेकण्यापूर्वी जागा पाहावी. ईर्यासमिती ती हीच. फांदी मोडू नये, घरटे उघडे करू नये, कोळ्याचे जाळे ताणू नये. भल्या सकाळी जावे, कारण गारव्यात कीटकांचे अंग जड असते आणि ते आपणहून स्थिर बसलेले असतात. दुपारी जे चित्र शीतपेटीशिवाय मिळत नाही, ते पहाटे उठणाऱ्याला पुष्कळदा विनासायास मिळते.

सोलापुरात त्यासाठी दूर जावे लागत नाही. कंबर तलावाच्या काठी काडीवर बसलेला चतुर उडाला, तरी बहुधा त्याच काडीवर परत येतो. त्याच्या मागे धावण्यापेक्षा तेथेच थांबणे फलदायी ठरते. माळढोकासाठी 1979 साली घोषित झालेल्या नान्नज अभयारण्याचे नाव सर्वांना ठाऊक आहे; परंतु त्या माळरानावरचे नाकतोडे आणि कोळी फारच थोड्यांनी निरखले असतील. तेथे वनखात्याची परवानगी घेऊनच जावे.

ज्यांना चालणे झेपत नाही, त्यांनी गच्चीवरच्या कुंडीपासून आरंभ करावा. बर्लिनमधील कलाशिक्षक कार्ल ब्लॉसफेल्ट यांनी स्वतः तयार केलेल्या कॅमेऱ्याने वनस्पतींचे कोंब, कळ्या आणि ताणे अनेक पटींनी मोठे करून टिपले. आराखडे शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना निसर्गातील घडण दाखवावी, हा त्यांचा हेतू होता. 1865 साली जन्मलेल्या या शिक्षकाचे गाजलेले पुस्तक 1928 साली, म्हणजे त्यांनी साठी ओलांडल्यावर, प्रसिद्ध झाले. चादरींवर जॅकार्डने नक्षी विणणाऱ्या सोलापूरला दुधीच्या ताण्याची वेटोळी किंवा शेवग्याच्या पानांची मांडणी नव्याने पाहण्यासारखी वाटेल. भोपळ्याचा वेल पळून जात नाही आणि त्याचे चित्र घेताना फूल खुडावेही लागत नाही.

एक काम मात्र व्यापारी घरांना इतरांहून चांगले जमेल, ते नोंदीचे. 2021 साली ठाणे-कल्याण परिसरातील उड्या मारणाऱ्या कोळ्याच्या एका नव्या प्रजातीला, 26 नोव्हेंबरच्या हल्ल्यात प्राणार्पण करणारे तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ ‘आयसियस तुकारामी’ हे नाव देण्यात आले. मुंबईलगतच्या गजबजाटातही इतके दिवस नाव नसलेला जीव नांदत होता. नवी प्रजाती ठरवणे हे तज्ज्ञांचे काम आहे. नुसत्या चित्रावरून ते होत नाही. परंतु चित्रासोबत तारीख, वेळ, जागा आणि झाडाचे नाव लिहिले, तर ते ‘आयनॅचरलिस्ट’सारख्या संकेतस्थळावर अभ्यासकांच्या उपयोगी पडते. रोजमेळ दिवसाच्या दिवशी लिहिण्याची शिस्त ज्या घरांत आहे, तेथे अशी एक वही सहज चालू शकेल. नातवाने चित्र घ्यावे, आजीने तिथी आणि झाड सांगावे. दहा पावसाळ्यांनंतर त्या वहीत आपल्या परिसरातील अशा जीवांचा हिशेब असेल, ज्यांना कोणीही धक्का लावला नाही.