साधन आणि साधना

सकाळची वेळ आहे. सातवीच्या वर्गात हृदयाचा पाठ चालला आहे. समोरच्या पांढऱ्या पडद्यावर एक भलेमोठे हृदय उघडझाप करीत आहे. निळ्या रंगाने दाखविलेले अशुद्ध रक्त उजव्या कप्प्यातून फुप्फुसांकडे जाते आणि तांबडे होऊन डाव्या कप्प्यात परतते. झडपा उघडतात, मिटतात. चाळीस मुलांचे डोळे त्या चित्रावर खिळलेले आहेत. पन्नास वर्षांपूर्वी याच वर्गात शिकलेल्या मुलांनी हे दृश्य कधी पाहिले नव्हते. त्यांच्या वाट्याला फळ्यावर खडूने काढलेली एक आकृती तेवढी आली होती.

हे दृश्य पाहून काही लोकांना धन्यता वाटते. ते म्हणतात, “यंत्र एवढे सुंदर शिकवीत असेल, तर आता शिक्षक हवेत कशाला?” दुसऱ्या काही लोकांना नेमकी उलट चिंता वाटते. ते म्हणतात, “यंत्रांनी मुले बिघडली. पाठांतर गेले, वाचन गेले, अक्षरही गेले.” एक पक्ष यंत्राला देव मानतो, दुसरा त्याला राक्षस ठरवितो. खरे पाहता ते या दोहोंपैकी काहीच नाही. ते एक साधन आहे, आणि साधनाची पारख त्याच्याकडून होणाऱ्या कामावरून करावी लागते.

शाळेत आज जे जुने म्हणून ओळखले जाते, ते सारे एके काळी नवे होते. पंतोजींच्या शाळेत मुले धूळपाटीवर बोटाने किंवा काडीने अक्षरे गिरवीत. लाकडी फळीवर धूळ पसरायची, अक्षर काढायचे, हात फिरवून पुसायचे आणि पुन्हा काढायचे. कागदावर लिहिण्याची वेळ आली की बोरू आणि दौत हाती येई. पुढे दगडी पाटी आली, भिंतीवर काळा फळा आला. भारतातला पहिला छापखाना १५५६ साली गोव्यात सुरू झाला. परंतु मुंबईत मराठी शालेय पुस्तके छापली जाऊ लागली ती एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. आज प्रत्येक मुलाच्या दप्तरात असणारे छापील पुस्तक हेही तंत्रज्ञानाचेच एक फळ होय. ते इतके अंगवळणी पडले आहे की, त्याला कोणी यंत्रयुगाची देणगी म्हणत नाही, एवढेच.

नव्या साधनाविषयीचे भयही तितकेच जुने आहे. सुमारे २४०० वर्षांपूर्वी ग्रीस देशात होऊन गेलेल्या प्लेटो या तत्त्वज्ञाने एक कथा सांगितली आहे. इजिप्तच्या एका देवतेने लेखनकला शोधून काढली आणि ती मोठ्या अभिमानाने राजापुढे ठेवली. या कलेने प्रजेची स्मरणशक्ती वाढेल, असे त्या देवतेचे म्हणणे होते. राजा मात्र विचारात पडला. लोक आता बाहेरच्या खुणांवर विसंबतील, मनात काही साठविणार नाहीत. त्यांना ज्ञान मिळणार नाही, केवळ ज्ञानाचा आभास मिळेल, अशी भीती त्याने बोलून दाखविली.

राजाचे म्हणणे चुकीचे होते काय? पूर्णपणे नव्हे. लिहिता येऊ लागल्यावर माणसाचे पाठांतर कमी झाले, हे खरेच आहे. परंतु लेखन नसते, तर ही कथाही आजच्या मुलांपर्यंत पोहोचली नसती. प्रत्येक साधन काही देते आणि काही घेते. जे मिळाले ते अधिक मोलाचे की जे गेले ते अधिक मोलाचे, याचा हिशेब माणसाने स्वतः करावयाचा असतो. साधन तो हिशेब करून देत नाही.

भयाप्रमाणेच अतिउत्साहही माणसाला फसवितो. विजेच्या दिव्यासाठी प्रसिद्ध असलेले संशोधक थॉमस एडिसन यांनी १९१३ साली असे भाकीत केले होते की, लवकरच शाळांतून पुस्तके नाहीशी होतील आणि सारे ज्ञान चलच्चित्रांच्या द्वारे दिले जाईल. त्या गोष्टीला शंभराहून अधिक वर्षे होऊन गेली. चित्रपट आला, आकाशवाणी आली, दूरदर्शन आले, संगणक आला; पुस्तक मात्र दप्तरातच राहिले. एवढ्या बुद्धिमान माणसाचा अंदाज का चुकला असावा? याचे एक कारण उघड आहे. पाहणे आणि शिकणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. नदीच्या काठावर बसून पोहणाऱ्याकडे वर्षभर पाहिले, तरी पाहणाऱ्याला पोहता येत नाही. त्याला पाण्यात उतरावे लागते, नाकातोंडात पाणी जाऊ द्यावे लागते आणि हातपाय मारावे लागतात.

म्हणून या साधनांचे उपकार नाकारावेत असे मात्र नाही. १९७५ सालच्या ऑगस्टपासून १९७६ सालच्या जुलैपर्यंत भारतात एक मोठा प्रयोग झाला. एका अमेरिकन उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत दूरदर्शनचे कार्यक्रम पोहोचविण्यात आले. सकाळी शाळेतील मुलांसाठी आणि संध्याकाळी मोठ्या माणसांसाठी कार्यक्रम असत. ज्या खेड्यांना शहराचे वारे लागले नव्हते, तेथील मुलांसमोर दूरचे जग येऊन उभे राहिले. जे डोळ्यांना दिसत नाही ते दाखविणे, जे दूर आहे ते जवळ आणणे, हा या साधनांचा मोठाच गुण आहे. ज्वालामुखीचा स्फोट, ग्रहांचे भ्रमण, पेशीचे विभाजन या गोष्टी खडूने कितीही रेखाटल्या तरी निर्जीवच राहतात. पडद्यावर त्या जिवंत होतात.

काही मुलांसाठी तर साधन हीच शाळेची वाट असते. फ्रान्समधील लुई ब्रेल हा मुलगा लहानपणी झालेल्या अपघातामुळे अंध झाला. त्याने १८२४ साली, वयाच्या अवघ्या पंधराव्या वर्षी, सहा उठावदार ठिपक्यांची लिपी तयार केली, आणि जगातील अंध मुलांच्या बोटांना वाचता येऊ लागले. आज छापील मजकूर मोठ्याने वाचून दाखविणारी यंत्रे निघाली आहेत. ज्याला दुसऱ्याने वाचून दाखविण्याची वाट पाहावी लागत होती, तो आता हवे ते, हवे तेव्हा ऐकू शकतो. अशा मुलासमोर उभे राहून यंत्राची निंदा करण्याचे धाडस कोण करील?

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषदेच्या शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पाठ्यपुस्तकाच्या पानावर छापलेल्या क्यूआर कोडमधून कविता, गोष्टी आणि पाठ मुलांना ऐकता-पाहता यावेत, यासाठी त्यांनी केलेल्या कामाची ती दखल होती. पुरस्काराची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. या घटनेत एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. पुरस्कार यंत्राला मिळाला नाही. तो शिक्षकाला मिळाला. काळ्यापांढऱ्या चौकोनांची ती खूण सर्वत्र सारखीच असते. कोणत्या मुलांना कशाची गरज आहे, हे ओळखणारे मन मात्र शिक्षकाजवळ होते.

येथेच या प्रश्नाची दुसरी बाजू पुढे येते. साधन कितीही उत्तम असले, तरी ते कोणाच्या हाती पोहोचते? २०२० सालच्या मार्च महिन्यात कोरोनाच्या साथीमुळे देशातील शाळा बंद झाल्या आणि पाठ मोबाईलवर येऊ लागले. ज्या घरात प्रत्येकासाठी वेगळा मोबाईल होता, तेथे शाळा चालू राहिली. ज्या घरात एकच मोबाईल होता, तेथे वडील कामावर गेले की त्यांच्याबरोबर शाळाही घराबाहेर जाई. संध्याकाळी ते परत येत, तेव्हा तीन भावंडे एका यंत्राभोवती बसत. आणि अनेक घरांत मुलीची पाळी शेवटी येई. डोंगराळ भागातील मुले टेकडीवर चढून संदेशलहरींचा शोध घेत. ज्या घरात मोबाईलच नव्हता, तेथील मुलांचे वर्ष कसे गेले असेल, याची कल्पनाच केलेली बरी. ज्ञान सर्वांसाठी खुले आहे असे म्हणावयाचे आणि त्याच्या दाराला महागडे कुलूप लावावयाचे, हा न्याय नव्हे.

त्याच वर्षी सोलापूरच्या नीलमनगर भागात शिक्षकांनी निराळीच युक्ती केली. त्यांनी घरांच्या बाहेरच्या भिंतींवर धडे रंगविले. मुळाक्षरे, गणिताची सूत्रे, आकृत्या यांनी गल्ली भरून गेली, आणि मुले अंतर राखून उभी राहून वाचू लागली. रंग आणि कुंचला यांहून साधे साधन कोणते असणार? पण ते प्रत्येक मुलापर्यंत पोहोचले. साधनाचे मोठेपण त्याच्या किमतीवरून ठरवावयाचे नसते. त्याच्यामुळे एकही मूल मागे राहिले नाही, यावरून ते ठरवावयाचे असते. प्रत्येक शाळेत वीज, पुस्तके, प्रयोगाचे साहित्य आणि संगणक पोहोचविणे हे समाजाचे आणि शासनाचे कर्तव्य आहे. ते पुरे होईपर्यंत एखाद्या शाळेतील चकचकीत पडद्याकडे पाहून प्रगतीचे ढोल वाजविणे शोभत नाही.

गेल्या काही वर्षांत आणखी एक नवे साधन मुलांच्या हाती आले आहे. प्रश्न विचारताच उत्तर लिहून देणारी, निबंधाचा विषय सांगताच पूर्ण निबंध तयार करणारी यंत्रे निघाली आहेत. आजवरच्या साधनांनी मुलाला मदत केली. हे साधन मुलाचे कामच करून टाकू शकते. म्हणून येथे अधिक सावध राहिले पाहिजे. अशी यंत्रे चुकीची माहितीही मोठ्या ठामपणे सांगतात, आणि ज्याला स्वतःला काहीच ठाऊक नाही त्याला ती चूक ओळखता येत नाही. परंतु उत्तर बरोबर असले, तरी एक हानी होतेच. शिक्षक ‘माझी आई’ या विषयावर निबंध लिहावयास सांगतात, ते जगात तशा निबंधांची टंचाई आहे म्हणून नव्हे. ज्या आईला मूल रोज पाहते, तिच्याकडे त्याने एकदा नीट पाहावे, मनात आलेल्या भावनेसाठी शब्द शोधावेत, एक शब्द खोडून दुसरा लिहावा, यासाठी तो निबंध असतो. यंत्राने लिहिलेल्या निबंधात शुद्धलेखनाच्या चुका नसतील. पण भाकरी थापताना त्या आईच्या हातातील बांगड्यांचा आवाज कसा येतो, हे त्या यंत्राला कोण सांगणार? शिवाय वहीचे पान भरले, तरी मुलाचे मन कोरेच राहिले, तर लाभ तो कोणता?

मग विद्यार्थ्याने काय करावे? यंत्राकडे पाठ फिरविणे हा उपाय नव्हे. त्याचा दास होणे हाही नव्हे. उदाहरण सोडविताना प्रथम स्वतः डोके चालवावे, मग उत्तर ताडून पाहण्यासाठी यंत्र हाती घ्यावे. पडद्यावर पाहिलेली गोष्ट पडदा बंद करून आपल्या शब्दांत सांगून पाहावी. सांगता आली नाही, तर ती समजली नाही असे मानावे. एकाच ठिकाणी वाचलेले खरे न मानता दुसऱ्या ठिकाणी पडताळावे. ज्याच्याजवळ साधन आहे, त्याने ते नसलेल्या सोबत्याला जवळ बोलवावे. आणि यंत्र दूर ठेवून मैदानावर केव्हा जावे, हेही ओळखावे.

आता त्या सातवीच्या वर्गाकडे परत यावे. हृदयाचे चित्र रंगात आले असताना अकस्मात वीज जाते. पडदा काळोखा होतो. वर्गात निराशेचा सुस्कारा उमटतो. बाई क्षणभर थांबतात, मग खडू उचलतात. फळ्यावर चार कप्पे काढतात आणि म्हणतात, “मुलांनो, प्रत्येकाने मूठ वळा पाहू. तुमचे हृदय साधारण एवढे असते. आता मनगटावर बोटे ठेवा आणि मोजा.” वर्ग शांत होतो. चाळीस मुले स्वतःच्या नाडीचे ठोके मोजू लागतात. एवढ्यात मागच्या बाकावरचा, एरवी कधीही न बोलणारा एक मुलगा हात वर करतो. “बाई, आपण झोपलो की हे थांबतं का?”

बाई उत्तर देत नाहीत. त्या हसून विचारतात, “तुझ्या घरी धाकटं भावंडं आहे ना? आज रात्री ते झोपलं की त्याच्या छातीला हळूच कान लाव, आणि काय ऐकू आलं ते उद्या सर्वांना सांग.”

थोड्या वेळाने वीज परत येते. पडद्यावरचे हृदय पुन्हा धडधडू लागते. मुले आता त्याकडे निराळ्या दृष्टीने पाहतात, कारण ते हृदय आता केवळ पडद्यावरचे उरलेले नाही. पडद्याने जे दाखविले, ते बाईंनी मुलांच्या मनगटापर्यंत आणून पोहोचविले; आणि त्या मुलाने विचारलेला प्रश्न तर कोणत्याच यंत्रात आधी भरून ठेवलेला नव्हता. साधने बदलतील, अधिक शक्तिमान होतील, आजची नवी यंत्रे उद्या धूळपाटीप्रमाणे जुनी होतील. परंतु रात्री भावंडाच्या छातीला कान लावून बसणारे ते कुतूहल, आणि ते जागे करणारा शिक्षक, यांचे काम संपणार नाही. साधन विकत आणता येते; साधना ज्याची त्यानेच करावी लागते.