पिसांची माशी व घरांतली शंका

लातूरहून एका वाचक भगिनींचें पत्र आलें आहे. त्यांचे चिरंजीव नोकरीनिमित्त रत्नागिरीस असतात. सुटींत घरीं आले म्हणजे सहा हात लांबीची काठी घेऊन ते अंगणांत तास तास दोर मागेंपुढें फेकीत राहतात, आणि रात्रीं दिव्याजवळ बसून गळास कोंबड्याचीं पिसें बांधतात. तें पाहून सासूबाईंनीं दोन दिवस नातवास स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडूं दिला नाहीं. मासे न खाणाऱ्या घरांत हा छंद शोभतो काय, आणि त्यांत शिकण्यासारखें कांहीं आहे काय, असे दोन प्रश्न बाईंनीं विचारिले आहेत. दुसऱ्याचें उत्तर आम्ही आधीं देतों. जी गोष्ट काय आहे हेंच ठाऊक नाहीं, तिचा न्याय करूं जाणें बरें नव्हे.

नेहमींच्या गळास शिशाचा तुकडा बांधलेला असतो. तो फेकला कीं त्याच्यामागें हलका दोर ओढला जातो. ह्या प्रकारांत सारें उलट आहे. जिला फ्लाय म्हणतात ती पिसांची माशी इतकी हलकी असते कीं हातानें फेकली तर चार पावलेंही जाणार नाहीं. म्हणून वजन दोरांतच घातलेलें असतें, आणि दोरच माशीस घेऊन जातो. ह्या दोरांस वजनाप्रमाणें क्रमांक असतात. समुद्रकांठच्या नवशिक्यास बहुधा ८ क्रमांकाचा दोर सांगतात. त्याच्या पहिल्या ३० फुटांचें वजन २१० ग्रेन, म्हणजे सुमारें १३.६ ग्रॅम भरतें. आमच्या जुन्या मापानें एका तोळ्याहून थोडें अधिक. वीस हात लांबीवर पसरलेलें हें तोळाभर वजन ९ फुटी लवचीक काठीनें हवेंत सरळ उलगडावयाचें, हीच ह्या विद्येची मेख आहे.

धडा ऐकावयास सोपा आहे. काठी वेग वाढवीत मागें न्यावयाची आणि डोक्याच्या किंचित् मागें एकाएकीं थांबवावयाची. शेजारीं घड्याळाची तबकडी आहे अशी कल्पना केली, तर पुढें १० आणि मागें १ ह्या आंकड्यांच्या मध्येंच काठीनें फिरावयाचें. काठी थांबली कीं दोर तिच्या टोंकावरून वळसा घेऊन मागें उलगडत जातो. तो पुरता उलगडेपर्यंत वाट पाहावयाची, आणि मगच हात पुढें आणावयाचा. नवशिका घसरतो तो येथेंच. पाठीमागें काय चाललें आहे तें त्यास दिसत नाहीं, म्हणून धीर सुटतो. दोर अर्धा वळला असतांनाच तो हात पुढें झोंकतो. चाबकासारखा फटकारा होतो आणि पुष्कळदां माशीच तुटून पडते. मग तो अधिक जोर लावतो, आणि दोर अधिकच गुंततो. मान वळवून प्रत्येक वेळीं मागचा दोर डोळ्यांनीं पाहणें, हाच त्यावर खरा उपाय होय.

आम्हीं छत्तीस वर्षें मुलांस संस्कृत शिकविलें, त्यामुळें आम्हांस येथें शार्दूलविक्रीडिताची आठवण होते. त्या वृत्ताच्या चरणांत बाराव्या अक्षरावर यति आहे. विद्यार्थी तेथें न थांबतां धांवला, तर अक्षरें सगळीं बरोबर असूनही वृत्त कानास मोडकें लागतें. तेथील थांबणें हा वृत्ताचाच अवयव आहे. दोराचेंही तसेंच आहे. आणि दोर जितका लांब सोडावा तितका हा विराम दीर्घ होत जातो. हें ज्ञान घोकून येत नाहीं, हातासच यावें लागतें. आठवड्यांतून एकदां चार तास दमण्यापेक्षां रोज वीस मिनिटें सराव करणारा लवकर शिकतो.

ह्या सरावास पाणी लागत नाहीं, आणि गळही लागत नाहीं, हें सासूबाईंस मुद्दाम सांगावें. दोराच्या टोंकास तांबड्या लोंकरीचा लहानसा झुबका बांधून गवतावर सगळा अभ्यास करतां येतो. खडीवर किंवा फरशीवर दोराचा लेप खरवडतो, म्हणून गवत बरें. डोळ्यांस चष्मा आणि डोक्यास टोपी मात्र पहिल्या दिवसापासून असावी. पुढें खरा गळ बांधला म्हणजे तो कानाजवळूनच जात असतो. समुद्रावर वारा बहुधा आडवा येतो. तेथें डाव्या हातानें दोरास झटका देऊन वेग वाढविण्याची एक युक्ति आहे. परंतु साधी फेक हातांत बसण्यापूर्वीं तिच्या मागें लागूं नये.

आतां पिसांविषयीं. ही कला फार जुनी आहे. इलियन नांवाच्या ग्रंथकारानें सुमारें अठराशें वर्षांपूर्वीं मॅसिडोनियांतील लोकांविषयीं लिहून ठेविलें आहे कीं, ते गळाभोंवती तांबडी लोंकर गुंडाळीत, तिला कोंबड्याचीं दोन पिसें जोडीत, आणि नदींतील मासे त्या खोट्या माशीस फसत. नदीचे मासे पाण्यावरचे किडे खातात, म्हणून तेथें माशी. समुद्रांतील मोठे मासे लहान मासे, कोळंबी आणि खेंकडे खातात. म्हणून समुद्राची माशी ही नांवाचीच माशी. रूपानें ती बोटभर लांबीचा मासाच असते.

नवशिक्यास बांधावयास सोपा म्हणून क्लाउझर ह्या नमुन्याचें नांव घेतात. अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनिया प्रांतांत बॉब क्लाउझर ह्यांनीं १९८० नंतरच्या दशकांत तो ससकेहाना नदीसाठीं सिद्ध केला. म्हणजे तो मूळचा गोड्या पाण्याचा, पण आज जगभर समुद्रावर चालतो. गळ चिमट्यांत घट्ट बसवून त्याच्या दांडीवर दोरा गुंडाळावा. नेढ्याकडून दांडीचा सुमारें तिसरा हिस्सा सोडून धातूचे डमरूसारखे जोडडोळे फुलीच्या वेढ्यांनीं आवळावे. त्यांच्या भारानें गळ पाण्यांत उलटा होतो, टोंक वर राहतें आणि तळच्या खडकांत सहसा अडकत नाहीं. मग पांढऱ्या केसांची बट, दोन-चार चकचकीत धागे, त्यांवर हिरव्या किंवा करड्या केसांची दुसरी बट, शेवटीं गांठ आणि रोगणाचा थेंब. नवशिक्याचा हात येथेंही सैल सुटतो. तो केस फार घालतो. लहान मासा पाण्यांत अर्धपारदर्शक दिसतो, म्हणून विरळ बांधलेलेंच जिवंत वाटतें.

सामानाविषयीं एक सावधगिरी सांगितली पाहिजे. एकोणिसाव्या शतकांत आपल्याकडील राखी रानकोंबड्याच्या मानेचीं पिसें ह्याच कामासाठीं विलायतेस जात, आणि मोराच्या पिसाचे तंतु आजही जगभर वापरतात. परंतु १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें आपल्याकडे ह्या पक्ष्यांस संरक्षण आहे. घरच्या कोंबड्याचीं गळालेलीं पिसें, बोकडाचे केस आणि बाजारांतील कृत्रिम धागे एवढ्यांत उत्तम काम भागतें.

हा छंद परकीय आहे, असा आक्षेप घरांत निघाल्याचें बाई लिहितात. पिसांची माशी परकीय खरी. पण गळ खेळणें परकीय नव्हे, आणि त्याचा पुरावा लातूरपासून फार दूर नाहीं. लातूरच्या दक्षिणेस, आज कर्नाटकांत बीदर जिल्ह्यांत असलेलें बसवकल्याण हीच चालुक्यांची कल्याणी. १९५६ पर्यंत लातूर, नांदेड आणि बीदर हीं सर्व हैदराबाद राज्यांतच होतीं. त्या कल्याणीस तिसऱ्या सोमेश्वर राजानें शके १०५१ च्या, म्हणजे इ. स. ११२९ च्या सुमारास मानसोल्लास हा संस्कृत ग्रंथ रचिला. महाराष्ट्रांतील स्त्रिया कांडतांना ओवी गातात, ही आपल्या अभिमानाची नोंद ज्या ग्रंथांत आहे तोच हा. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत श्रीगोंदेकरांनीं त्याचें संपादन केलें. पहिला भाग १९२५ सालीं निघाला. ह्या ग्रंथांत वीस वीस अध्यायांच्या पांच विंशति आहेत. त्यांपैकीं विनोदांच्या विंशतींत मत्स्यविनोद आहे. त्यांत सुमारें ३५ जातींचे मासे समुद्रांतले कोणते, नदींतले कोणते असे वेगळे केले आहेत, कोणास कोणतें अन्न घालावें तें सांगितलें आहे, आणि मग काठी, दोर व गळ ह्यांचें वर्णन आहे. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा ह्यांनीं १९५१ सालीं ह्या प्रकरणावर लेख लिहून विद्वानांचें लक्ष तिकडे वेधलें.

परंतु राजानें लिहिलें म्हणून तें आपल्या घरास योग्य झालें, असें आम्ही म्हणत नाहीं. राजाचा विनोद हा गृहस्थाचा धर्म नव्हे. आतां बाईंचा पहिला प्रश्न येतो, आणि तेथें आम्हांस सासूबाईंचा पक्ष हलका वाटत नाहीं. मासा धरून परत सोडला म्हणजे हिंसा झालीच नाहीं, असें हल्लींचे शौकीन म्हणतात. तें खरें नव्हे. गळ तोंडांत रुततो, मासा झगडून थकतो, आणि सोडलेल्यांतले कांहीं पुढें मरतात. गळाचें उलटें दांत चिमट्यानें दाबून सपाट करणें, मासा ओल्या हातानेंच धरणें, कारण कोरड्या हातानें त्याच्या अंगावरील बुळबुळीत रक्षक थर निघतो, आणि त्यास पाण्याबाहेर फार वेळ न ठेवणें, ह्यांनीं इजा कमी होते. नाहींशी होत नाहीं. ज्यास हें पटत नाहीं त्यानें फेकीपाशींच थांबावें. गवतावर व निशाणावर फेकण्याच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरतात. त्यांत एकही मासा लागत नाहीं, आणि कौशल्य तेवढेंच लागतें.

मग अशा छंदास आम्ही घराचें दार अगदींच बंद कां करीत नाहीं? कारण माशी बांधणाऱ्यास मासा काय खातो, केव्हां खातो, कोठें राहतो, हें शिकावेंच लागतें. रत्नागिरीच्या खाडींत ज्याची आशा धरावी तो जिताडा आयुष्याच्या आरंभीं नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे सर्वांत मोठे मासे बहुतेक माद्या, आणि त्यांस न मारणें हें पुढच्या पिढीचें रक्षण. आपल्या गोदावरींतला मरळ हवा घेण्यास पाण्यावर येतो, आणि आईबाप मिळून पिलांची राखण करतात. त्या दिवसांत त्यांस धरलें तर सारी पिलें उघडीं पडतात. आपल्या घरांतील माणसें पिढ्यान्‌पिढ्या नांदेडच्या घाटावर स्नानास जात आलीं; नदीचीं स्तोत्रें त्यांस पाठ, पण नदींत राहतें कोण तें क्वचितच एखाद्यास सांगतां येईल. भोयांच्या घरच्या दहा वर्षांच्या मुलास तें ठाऊक असतें. २०१६ च्या एप्रिलांत लातूरकरांसाठीं मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. त्या वर्षीं माणसांच्या तहानेचें वर्णन सर्वत्र झालें, आणि तें व्हावयासच हवें होतें; मांजरेच्या आटलेल्या डोहांत कोण होतें, हें विचारणारा मात्र आपल्या घरांत विरळा. ज्यास पाण्यांतले रहिवासी ओळखीचे, त्यास पाणी गेल्याचें दुःख आपल्या नळापलीकडेंही कळतें.

तेव्हां आमचा निर्णय असा. चिरंजीवांनीं अंगणांत लोंकरीचा झुबका मनमुराद फेकावा. पिसें स्वयंपाकघरापासून दूर, आपल्या खोलींत बांधावीं. खरा गळ पाण्यांत टाकावा कीं नाहीं हें त्यांनीं आजीशीं बसून ठरवावें, आणि तिचें म्हणणें पुरतें उलगडेपर्यंत थांबावें. टाकावयाचें ठरलें, तर तलावाचा ठेका ज्या मच्छीमार संस्थेकडे असेल तिची परवानगी आधीं घ्यावी. आणि टाको वा न टाको, नांदेडास येणें झालें म्हणजे एखाद्या वृद्ध भोई काकांजवळ तासभर बसून, मरळ कोणत्या महिन्यांत पिलें राखतो आणि ज्या डोहांत पूर्वीं वाम मिळे तेथें आतां काय मिळतें, तें विचारून लिहून घ्यावें. अशी एक वही भरली, तर सोमेश्वराच्या त्या प्रकरणास नऊशें वर्षांनीं आपल्या मुलुखांतूनच पुरवणी मिळेल.