तुम्ही मूळच्या कुठल्या?

मुलचेरा तालुक्यात फिरलात तर सुंदरनगर, विवेकानंदपूर अशी गावं लागतात. घरात बंगाली, बाजारात मराठी. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांना सरकारनेच इथे आणून वसवलं. तेव्हा हा सगळा चंद्रपूर जिल्हा. गडचिरोली १९८२ मध्ये वेगळा झाला.

आता समजा, यांच्यातल्या एखाद्या बाईने पोटगीचा दावा लावला. उलटतपासणीत समोरचा वकील विचारतो, "तुम्ही मूळच्या कुठल्या? कागद आहेत का?" पोटगीशी संबंध शून्य! पण बाण लागला. आजोबांचे पुनर्वसनाचे कागद कधीच वाळवीने खाल्लेत. आणि नागरिकत्वावर शंका आली की आपण परदेशी नाही हे सिद्ध करायचं ओझं त्या माणसावरच. १९४६च्या कायद्यात तसं होतं, २०२५च्या नव्या कायद्यातही आहे. मग बाई काय करेल? दावा सोडून गप घरी जाईल, दुसरं काय.

बरं, कोर्टात बोललेलं कोर्टात राहत नाही. ई-कोर्ट्सच्या साइटवर पक्षकाराचं नाव टाकलं की केस सापडते, निकालपत्र उघडतं. आपण साधा डेटाबेस करताना सुद्धा विचारतो ना, की हा कॉलम हवाच कशाला? इथे कोणी विचारत नाही. २०२३चा डेटा संरक्षण कायदा आहे, पण न्यायदानाच्या कामाला त्यातून बरीचशी सूट.

जमत नाही असं नाही हो. जानेवारी २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की पक्षकारांची जात-धर्म कागदपत्रांत लिहू नका. तोच न्याय इथे लावा की! आपली निम्मी मित्रमंडळी ज्या रेडमंड-सिअ‍ॅटलला व्हिसावर बसली आहेत, त्या वॉशिंग्टन राज्यात २०१८ पासून पुराव्याचा नियमच आहे: इमिग्रेशनचा दर्जा खटल्याच्या मुद्द्यासाठी आवश्यक नसेल तर पुरावा म्हणून आणता येत नाही. तिथे आपल्याला हे संरक्षण अगदी रास्त वाटतं. मुलचेऱ्यातल्या बाईचं नाव काढलं की मात्र "घुसखोरांना पाठीशी घालता का?"

नाही बुवा. नागरिकत्व हाच वाद असेल तर खुशाल तपासा, त्याची वेगळी यंत्रणा आहे. पोटगीच्या, मजुरीच्या, बांधाच्या भांडणात तो प्रश्न आलाच तर न्यायाधीशांनी आधी बंद दाराआड विचारावं, याचा इथे संबंध काय? नसेल तर नोंद नको. असला तर निकालपत्रात नावाऐवजी आद्याक्षरं. खालच्या कोर्टांसाठी असे नियम करायचा अधिकार हायकोर्टाला घटनेच्या कलम २२७ नेच दिलाय, संसदेची वाट बघायला नको.