सरासरी हे उत्तर नव्हे

रक्तातील साखरेचे दोन अहवाल जुळले नाहीत, तर डॉक्टर त्यांची सरासरी काढून औषध ठरवत नाहीत. आधी तपासणीची पद्धत पाहतात. न्यूट्रॉनच्या आयुर्मानाबाबतही हेच व्हायला हवे.

अणुकेंद्राबाहेर एकटा पडलेला न्यूट्रॉन सरासरी पावणेपंधरा मिनिटे टिकतो. नेमके किती? अमेरिकेतील लॉस अलामोस प्रयोगशाळेत अतिशीत न्यूट्रॉन चुंबकीय सापळ्यात कोंडून, ठरावीक वेळानंतर किती उरले ते मोजले. 2021 मधील उत्तर: 877.75 सेकंद. त्याच देशातील राष्ट्रीय मानक संस्थेने वाहत्या न्यूट्रॉनांच्या क्षयातून निघालेले प्रोटॉन मोजले. 2013 मधील उत्तर: 887.7 सेकंद. म्हणजे एकीकडे उरलेल्यांची मोजदाद, दुसरीकडे गेलेल्यांची.

दहा सेकंदांची ही तफावत दोन्ही प्रयोगांनी सांगितलेल्या त्रुटीपेक्षा मोठी आहे. विश्वाच्या आरंभी किती हेलियम तयार झाले, याचे गणितही या आकड्यावर अवलंबून आहे.

काही न्यूट्रॉन अदृश्य कणांत विरत असावेत, अशी कल्पना 2018 मध्ये मांडली गेली. पुरावा मात्र मिळालेला नाही. म्हणूनच जपानमधील जे-पार्क येथील, क्षयातून निघणारे इलेक्ट्रॉन मोजणारी तिसरी पद्धत मोलाची ठरते. मतभेद झाकण्यापेक्षा वेगळ्या वाटेने पुन्हा मोजणे, हेच खरे विज्ञान.