दुपटं टेबलावर नको

मैत्रिणींनो, तान्ह्या बाळाला हॉटेलात नेऊच नये, असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. घरी ठेवायचं तरी कुणाजवळ? पण आपल्यासमोर मिसळीची प्लेट आणि शेजारच्या टेबलावर दुपटं पसरून बाळाची शी पुसणं चाललेलं, हे काही बरं नव्हे. ‘बाळाचीच तर आहे’ असं आईला वाटत असेल हो, पण वेटर ज्या फडक्यानं ते टेबल पुसतो, त्याच फडक्यानं पुढची चार पुसतो! टेबलाखाली सरकवलेला डायपरही त्यालाच हातानं उचलावा लागतो. वापरलेला डायपर नीट गुंडाळूनच कचऱ्यात टाका, असं 2016 च्या घनकचरा नियमांतसुद्धा सांगितलं होतं. पर्समध्ये जुना पेपर नि एक पिशवी ठेवायला कितीशी जागा लागते?

पण आईनं तरी जायचं कुठं? संडासातली फरशी ओली, बाळ टेकवायला जागा नाही, पिशवी अडकवायला साधा खिळा नाही. एसटी स्टँडवर हिरकणी कक्ष झाले, तेही पुष्कळदा कुलपात. हॉटेलमालकांनी आडोशाला एक रुंद फळी ठोकावी, खाली झाकणाची बादली ठेवावी. गल्ल्यामागे देव्हाऱ्याला जागा निघते, तशी हिलाही निघेल.

आणि ही फळी बायकांच्या संडासात नको हं. नाहीतर गरम वडा संपवत बसलेले बाळाचे बाबा आयतेच सुटतील!