दोन नियम, एक फाईल : एसईलिनक्समध्ये शेवटचा शब्द कोणाचा?

फेब्रुवारी 2025 मध्ये ओपनसुसे टम्बलवीड या लिनक्स प्रणालीने नव्या इन्स्टॉलेशनसाठी अ‍ॅपआर्मरऐवजी एसईलिनक्स ही सुरक्षाव्यवस्था निवडली. रेड हॅटच्या प्रणालींत ती बरीच वर्षं आहे. अँड्रॉइडमध्येही आहे, 2014 च्या 5.0 आवृत्तीपासून ती पूर्ण सक्तीने लागू झाली. म्हणजे हा लेख मोबाईलवर वाचणाऱ्या बहुतेकांच्या हातात एसईलिनक्स आहेच.

अ‍ॅपआर्मर फाईलचा पत्ता बघून परवानगी ठरवतं. एसईलिनक्स पत्ता नाही, लेबल बघतं. प्रत्येक फाईलला एक लेबल चिकटवलेलं असतं आणि कोणत्या प्रोग्रामने कोणत्या लेबलला हात लावायचा, हे धोरणात लिहिलेलं असतं. पण मुळात कुठल्या फाईलला कुठलं लेबल लावायचं? त्यासाठी पत्त्यांच्या नमुन्यांची एक लांबलचक यादी असते, आणि खरी गंमत तिथेच आहे.

ही यादी कोणी एक माणूस लिहीत नाही. धोरण मॉड्यूलमध्ये विभागलेलं असतं. वेब सर्व्हरचं मॉड्यूल वेगळं, डेटाबेसचं वेगळं, आणि प्रत्येक जण आपापले नियम घेऊन येतो. मग एकाच फाईलला दोन-तीन नियम लागू पडतात. उदाहरणार्थ, एक नियम सांगतो, 'वापरकर्त्याच्या होम फोल्डरमधलं सगळं साधं'. दुसरा सांगतो, 'त्यातल्या एसएसएच फोल्डरला वेगळं लेबल'. पहिला जिंकला, तर साध्या फाईली वाचायची मुभा असलेल्या प्रोग्रामला एसईलिनक्स खासगी किल्लीपाशीही अडवणार नाही.

नमुन्यांमध्ये यादीत जो नंतर येतो तो जिंकतो. त्यामुळे मॉड्यूल एकत्र करताना नियमांची क्रमवारी लावली जाते : ढोबळ आधी, नेमके नंतर. नेमकेपणा मोजायची रीत मात्र अगदी यांत्रिक आहे. पहिल्या 'काहीही चालेल' खुणेच्या आधीचा ठाम भाग ज्याचा लांब, तो नियम जास्त नेमका. तिथे बरोबरी झाली तर एकूण लांबी बघतात. एकही खूण नसलेला पूर्ण पत्ता सर्वांत वरचढ.

बहुतेक वेळा हे छान जमतं. पण समजा, कोणी नियम लिहिला की 'यूएसआर' फोल्डरमध्ये कुठेही '.सीजीआय'ने संपणारी फाईल दिसली की तिला खास लेबल द्या. माणसाला हा नियम नेमका वाटतो. यंत्राला दिसतो फक्त 'यूएसआर' एवढा ठाम भाग. 'यूएसआर'मधल्या 'लिब' फोल्डरचा सरसकट नियम त्याहून लांब, म्हणून तिथे तोच जिंकतो. कुठलीही चूक दाखवली जात नाही, हे जास्त त्रासदायक.

अशा वेळी अ‍ॅडमिन स्थानिक नियम जोडू शकतो. तो मॉड्यूलच्या नियमांवर मात करतो. पण नियम जोडला म्हणून आधीच्या फाईलींचं लेबल बदलत नाही. 'रिस्टोअरकॉन' ही आज्ञा चालवावी लागते. तसंच होम फोल्डरमधली फाईल 'मूव्ह' करून वेबसाईटच्या फोल्डरमध्ये नेली, तर जुनं लेबल सहसा सोबत जातं आणि वेब सर्व्हरला ती वाचता येत नाही. 'कॉपी' केली तर सहसा नव्या जागेचं लेबल लागतं.

इथवर वैतागलेले अनेक जण एसईलिनक्सच बंद करून टाकतात. लेबलाची चूक तशीच राहते, फक्त आता अडवणारं कोणी नसतं.